स्वराच्या लांबीचा मागोवा

इगतपुरीत पियानो शिकायला बसलेल्या मुलापुढे पहिल्याच धड्यात चार खुणा येतात. पोकळ अंडाकृती सेमिब्रीव्ह. तिला दांडी आली की मिनिम. मिनिम भरीव झाली की क्रॉचेट. दांडीला शेपूट फुटले की क्वेव्हर. क्रॉचेटला एक मात्रा धरली तर त्या अनुक्रमे चार, दोन, एक आणि अर्ध्या मात्रेच्या. ओळीच्या सुरुवातीला एकाखाली एक दोन आकडे. दोन उभ्या रेघांमध्ये किती मात्रा ते वरचा सांगतो. मात्रेला कोणती खूण धरायची ते खालचा.

हा हिशेब तेराव्या शतकात बांधला गेला. युरोपातल्या चर्चमध्ये गायक एकाच वेळी वेगवेगळ्या चाली गाऊ लागले. ते एकत्र राहायचे तर कोणता स्वर किती लांबवायचा, हे लिहून ठरवणे भाग होते. कोलोनच्या फ्रँको या संगीतशास्त्रज्ञाने शतकाच्या उत्तरार्धात नियम घातला, की खुणेच्या आकारावरून लांबी कळावी. पुढे तिनाच्या विभागणीला पूर्ण वर्तुळ आणि दोनाच्या विभागणीला अर्धे वर्तुळ लिहू लागले. आज चार-चार या आकड्यांच्या जागी दिसणारा ‘सी’ हा त्या अर्ध्या वर्तुळाचा वंशज आहे.

त्याच शतकात आपल्या देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने, शार्ङ्गदेव ‘संगीतरत्नाकर’ लिहीत होता. पाच लघु अक्षरे उच्चारायला लागणारा वेळ म्हणजे एक मात्रा, असे माप त्याने दिले. अर्धी मात्रा द्रुत, एक लघु, दोन गुरू, तीन प्लुत.

पुढे आपल्याकडे लांबीच्या खुणा छापील पानावर स्वरांखाली देणाऱ्यांत विष्णु दिगंबर पलुसकर होते. १९०१ साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. गुरूसमोर एकटा बसणारा शिष्य जाऊन तिथे वर्ग आला, आणि वर्गाला पुस्तक लागले. दोन, एक, अर्ध्या, पाव मात्रेला त्यांनी निरनिराळ्या खुणा दिल्या. संगीताचे अभ्यासक भातखंडे यांनी लांबी लिहिण्याची सोपी वाट काढली: एका मात्रेतले स्वर खालून कमानीने बांधायचे, लांबलेल्या स्वरापुढे आडवी रेघ द्यायची.

पियानोच्या धड्यातल्या खुणांची, पाच रेषांवरची लिपी मराठी कानांच्या जवळ आणली गोव्याच्या वादकांनी. चर्चच्या शाळांत ती शिकून ते मुंबईला आले. सेबॅस्टियन डिसूझांसारख्यांनी सिनेमाच्या गाण्यांचे वाद्यमेळ तीत लिहिले.

एक फरक मात्र शिकवणाऱ्याने आधीच सांगावा. चार-चारमध्ये दर चार मात्रांनी पहिल्या मात्रेवर पुन्हा जोर येतो. तीनतालातही चार-चार मात्रांचे विभाग आहेत, पण सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सोळा मात्रांनंतरच पुन्हा येते आणि मध्ये नवव्या मात्रेवर ‘खाली’, म्हणजे टाळीविना मात्रा, असते. म्हणून चार-चार म्हणजे तीनताल नव्हे. पण हातावर टाळी देत मात्रा मोजायची सवय असलेल्या मुलाला मिनिम दोन मात्रा धरायला सांगणे अवघड नाही. आधी टाळी, मग पियानोची पट्टी, हाच क्रम ठेवावा. मोजणे त्याच्या अंगात आहे, नवी आहे ती फक्त लिपी.