दुष्काळाचे छायाचित्र : नोंद आणि घडण (बीड जिल्हा)

अवर्षण, पाणीटंचाई, चाराटंचाई आणि त्यांपायी होणारे स्थलांतर यांचा पुरावा म्हणून काढले व वापरले जाणारे छायाचित्र. वर्तमानपत्रे, शासकीय अहवाल, पीकविम्याचे दावे, निवडणूक प्रचार आणि समाजमाध्यमे या सर्वांत त्याला साक्षीदाराचे स्थान मिळते. मात्र कोणत्या दिवशी, कुठे उभे राहून, कोणत्या भिंगातून टिपायचे, चौकटीत काय घ्यायचे, रंग किती तापवायचे आणि खाली कोणती फोटोओळ द्यायची या निवडींतून ते घडवले जाते. मराठवाड्यातील बीड जिल्ह्याची बाहेरच्या जगातली ओळख बऱ्याच अंशी अशा छायाचित्रांनी तयार केली आहे. त्यामुळे ही घडण कशी होते हे पाहण्यासाठी हा जिल्हा उपयुक्त ठरतो.

जिल्ह्याचे अकरा तालुके एकसारखे नाहीत. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार हा बालाघाटाच्या माथ्यावरचा, हलक्या जमिनीचा आणि पर्जन्यछायेतला भाग. गेवराई आणि माजलगाव हे गोदावरीच्या खोऱ्यातले, खोल काळ्या जमिनीचे तालुके. बातमीसोबतच्या चित्रात हा भेद राहत नाही; ‘बीडमधील भीषण दुष्काळ’ एवढ्या ओळीत तो विरून जातो.

दुष्काळाच्या चित्रांतली सर्वांत रुळलेली खूण म्हणजे भेगाळलेली जमीन. ही खूण दिसते तितकी भरवशाची नाही. काळ्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळताना आकसते. म्हणून गेवराई किंवा माजलगावच्या शिवारात चांगल्या पावसाच्या वर्षीही रब्बीची ज्वारी निघाली की रानाला भेगा पडतात आणि मृगाच्या सरींनी त्या बुजतात. उलट आष्टी-पाटोद्याच्या मुरमाड माळाला पाणी सर्वांत आधी संपले तरी भेगा फारशा पडत नाहीत. म्हणजे जिथे टंचाई अधिक तीव्र असू शकते तिथली जमीन कॅमेऱ्याला कमी ‘दुष्काळी’ दिसते. कडा वर वळलेल्या, पापुद्र्यांसारख्या खपल्यांचे जे प्रसिद्ध दृश्य असते ते तर बहुधा शेतातले नसतेच. साचलेल्या पाण्याखालचा बारीक गाळ वाळला की तलावाच्या तळाला तसे रूप येते. त्यावर शेतकऱ्याला बसवून चित्र घेतले की तळ्याचा तळ पाहणाऱ्याला त्याचे शेत वाटू लागतो. चित्रातला प्रत्येक कण खरा असतो, अर्थ मात्र बदललेला असतो.

दुसरी निवड चौकटीची. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावच्या जलाशयापर्यंत येतो. या पट्ट्यात आणि विहिरी-बोअरच्या पाण्यावर इतरत्रही ऊस उभा असतो. टंचाईच्या वर्षी एकाच तालुक्यात हिरवा ऊस आणि टँकरची वाट पाहणारी वस्ती ही दोन्ही दृश्ये सापडतात. छायाचित्रकार बहुतेक वेळा दुसरे घेतो, कारण बातमी तीच असते. पण ऊस चौकटीबाहेर गेला की टंचाईचे एक मोठे कारणही बाहेर जाते: पाणी कुणाच्या वाट्याला गेले हा प्रश्न उरत नाही आणि दुष्काळ केवळ आभाळाचा कोप ठरतो. दुष्काळाच्या छायाचित्रणातला सर्वांत मोठा फेरफार हाच मानला पाहिजे. त्यासाठी संगणक लागत नाही.

ऊसतोड कामगारांच्या चित्रांबाबतही असेच घडते. दसऱ्यानंतर जिल्ह्यातून लाखो लोक ‘कोयत्या’ने, म्हणजे बहुधा नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे गळीत हंगाम संपल्यावर, उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. या काळात गावात म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. कुलूपबंद घरांची, ओस गल्लीची चित्रे दुष्काळाच्या नावाने छापली जातात. पण हे स्थलांतर चांगल्या पावसाच्या वर्षीही होते. त्यामागे उचलीचे कर्ज आणि कोरडवाहू शेतीचे अपुरे उत्पन्न असते, आणि या गोष्टी कॅमेऱ्यात मावत नाहीत. २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर चर्चेत आला. अशा विषयांवरील छायाचित्रांत बायका पाठमोऱ्या किंवा पदराआड दाखवण्याची पद्धत आहे. तिथे चेहरा लपवणे हे संरक्षण असते. चौकटीतून वगळणे नेहमीच अप्रामाणिक नसते.

विहिरीचे दृश्य तंत्राच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. टँकर आला की बऱ्याच वाड्या-वस्त्यांवर पाणी आधी विहिरीत सोडतात आणि लोक कडेने उभे राहून दोर-बादल्यांनी ते शेंदून घेतात. विहिरीच्या काठावरून रुंद कोनाच्या भिंगाने खाली पाहिले तर विहीर खोल आणि भीतिदायक होते. माणसे कड्यावर लटकल्यासारखी दिसतात. लांब पल्ल्याच्या भिंगाने दुरून टिपले तर घागरींच्या रांगेतली अंतरे मिटतात आणि पंधरा-वीस घागरींचा डोंगर दिसतो. पाणी सोडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे झुंबडीची असतात, पुढचा तासभर शिस्तीत शेंदण्याचा. छापून येतात ती पहिली पाच मिनिटे. आणि कॅमेरा दिसला की रांगेतली माणसेही रिकामी घागर पुढे धरतात. टंचाई सोसणाऱ्यांनाही आपले चित्र कसे निघावे याविषयी मत असते आणि तो त्यांचा अधिकार आहे.

या घडणीची परंपरा जुनी आहे. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. सहावा निजाम महबूब अली खान याचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या स्टुडिओने १८९९–१९०० च्या दुष्काळात शेजारच्या औरंगाबाद भागातील दुष्काळग्रस्तांची आणि मदतकामांची छायाचित्रे काढली. त्यांतल्या एकाचे इंग्रजी शीर्षक ‘कृशतेचे प्रकार’ अशा अर्थाचे आहे. उपाशी माणसांना नमुन्यांसारखे मांडून दाखवणारी ही दृष्टी राज्यकारभाराची होती. त्याआधी १८७६–७८ च्या मद्रास दुष्काळात ब्रिटिश लष्करी अधिकारी विलोबी वॉलेस हूपर याने हाडांचे सापळे झालेल्या कुटुंबांना कौटुंबिक फोटोसारखे ओळीत बसवून चित्रे काढली. त्यावर त्या काळीही टीका झाली. १९७२ च्या दुष्काळाच्या मराठवाड्यातल्या आठवणी खडी फोडणाऱ्या बायका, बांधबंदिस्तीची कामे आणि मदत म्हणून मिळणारी सुकडी यांच्याशी जोडल्या गेल्या. त्या वेळच्या चित्रांत दुष्काळग्रस्त माणूस कष्ट करताना दिसतो. पुढच्या काळात तो बहुधा कपाळाला हात लावून बसलेला दिसू लागला.

या विषयावरचा सर्वांत गाजलेला वाद अमेरिकेतला आहे. १९३६ मध्ये आर्थर रॉथस्टीन या शासकीय छायाचित्रकाराने साउथ डकोटात भेगाळलेल्या जमिनीवर पडलेल्या गुराच्या कवटीची चित्रे घेतली आणि ती घेताना कवटी सुमारे दहा फूट हलवली. निवडणुकीचे वर्ष होते. सरकारविरोधी वृत्तपत्रांनी चित्र बनावट असल्याचा आरोप केला. तशी खारवट, भेगाळलेली जागा तिथे कोणत्याही वर्षी सापडते असाही मुद्दा मांडला गेला. दुष्काळ खरा होता, पण हललेल्या कवटीमुळे सरकारची मदतयोजनाच संशयात सापडली. त्याच वर्षीच्या डोरोथिया लँग यांच्या ‘स्थलांतरित आई’ या चित्रातला, कोपऱ्यात आलेला एक अंगठा नंतर निगेटिव्हवर रीटचिंग करून पुसण्यात आला. डार्करूमच्या काळातही निगेटिव्ह अंतिम नव्हती.

बीडसारख्या जिल्ह्यात छायाचित्राच्या घडणीचे सर्वांत हृदयद्रावक रूप एका चित्राच्या आत असलेल्या दुसऱ्या चित्रात दिसते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी नवऱ्याचा हार घातलेला फोटो हातात धरून दारात बसली आहे, हे दृश्य मराठवाड्यावरील वृत्तांतांत वारंवार येते. तिच्या हातातला फोटो बहुधा मृत्यूनंतर तालुक्याच्या स्टुडिओत तयार झालेला असतो. त्या माणसाचा वेगळा फोटो कधी काढलेलाच नसतो. म्हणून आधार कार्ड, मतदार ओळखपत्र किंवा कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोतून चेहरा कापून घेतात. मागची माणसे काढून निळी किंवा करडी पार्श्वभूमी टाकतात, रंग उजळतात, फाटलेल्या कॉलरच्या जागी तयार कोट-टाय बसवतात, लहान चित्र ताणून मोठे करताना धूसर झालेले डोळे पुन्हा रेखतात. ज्याने आयुष्यात कोट घातला नाही तो माणूस भिंतीवर कोटात राहतो. याला खोटेपणा म्हणता येणार नाही. जिवंतपणी न मिळालेला मान घरच्यांना त्याला द्यायचा असतो, आणि स्टुडिओवाल्याला ते न सांगता कळते. पत्रकाराच्या छायाचित्रात मात्र हा संस्कारित चेहराच त्या माणसाचा एकमेव पुरावा होतो.

डिजिटल कॅमेऱ्याने घडण यंत्राच्या आत नेली. संवेदकाच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकाच रंगाची गाळणी असते. उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढले जातात. म्हणजे रंगीत चित्रातील दोन-तृतीयांश रंगमूल्ये मोजलेली नसून अंदाजलेली असतात. मोबाइल एका दाबात अनेक चित्रे घेऊन त्यांची एक प्रत जुळवतो, आकाश गडद करतो, चेहरा गुळगुळीत करतो. नंतरच्या संस्करणात पांढऱ्याचा समतोल थोडा पिवळ्याकडे सरकवला आणि काळ्या-पांढऱ्यातला फरक वाढवला की संध्याकाळचा सौम्य माळ दुपारच्या भट्टीसारखा तापतो. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले, पण त्याआधीच, फेब्रुवारी १९८२ च्या ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर उभ्या आकारात बसावेत म्हणून पिरॅमिड जवळ सरकवले गेले होते. ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ या स्पर्धेत आता मूळ फाइल मागवून पडताळणी होते. २०१५ मध्ये निर्णायक फेरीआधीच्या टप्प्यावरील सुमारे एक-पंचमांश चित्रे त्यात बाद झाली.

शासनव्यवहारात छायाचित्राचे वजन याच काळात वाढले. दुष्काळ ठरवताना पाऊस, भूजल आणि मातीतील ओलावा यांबरोबर उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढलेला वनस्पती निर्देशांकही विचारात घेतला जातो. ही प्रतिमा डोळ्यांना दिसणारी नसतेच. पिकाने परावर्तित केलेली अवरक्त आणि लाल किरणे यांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागून उणे एक ते अधिक एक असा आकडा येतो आणि त्याला रंग दिला जातो. प्रतिमेच्या एका चौकोनात शेताबरोबर बांधावरची बाभूळ आणि ओढ्याकाठचा ऊसही मोजला जाऊ शकतो.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या गटात उभा राहून पिकाचा फोटो काढतो. अक्षांश-रेखांशासह ती नोंद सातबाऱ्यावर जाते. पीकविम्यात खरीप २०२५ पूर्वी स्थानिक आपत्तीची सूचना ७२ तासांत द्यावी लागे आणि तीसोबत नुकसानीचे फोटो जोडले जात. अतिवृष्टीने कपाशी पाण्यात उभी असताना नेटवर्क नाही, मोबाइल भिजलेला, बांधापर्यंत वाटच नाही, अशा अवस्थेत फोटो निघाला नाही तर नुकसान कागदावर येणे अवघड होई. राष्ट्रीय रोजगार हमीत १ जानेवारी २०२३ पासून वैयक्तिक लाभाची कामे वगळता सर्व कामांवर मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटोने घेणे सक्तीचे झाले. जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयानेच कळवले की कामाशी संबंध नसलेले फोटो चढवणे, फोटोचाच फोटो काढणे, एकाच मजुरांचे फोटो अनेक हजेरीपटांवर लावणे असे प्रकार होत आहेत. गैरप्रकार थांबवण्यासाठी आणलेला फोटो गैरप्रकाराचे साधन झाला. मजुरीला मात्र त्या फोटोची अट कायम राहिली.

कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेल्या प्रतिमांत कॅमेऱ्यासमोर कुणी असण्याची गरजच संपते. दुष्काळाचे चित्र मागितले की भेगाळलेली जमीन, पागोट्यातला म्हातारा आणि आकाशाकडे लागलेले डोळे येतात, कारण ही साधने आधीच्या छायाचित्रांवर शिकलेली आहेत.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र आणि फाइलचे हॅश मूल्य द्यावे लागते. त्यामुळे फाइलमध्ये नंतर बदल झाला आहे का हे तपासता येते. टिपण्याच्या क्षणी चौकटीबाहेर काय होते हे त्यातून कळत नाही. त्यासाठी मंडळनिहाय पावसाची नोंद, पंचनामा, टँकरची नोंदवही आणि गावकऱ्यांचे म्हणणे यांच्याशी छायाचित्र ताडावेच लागते. गाव, तारीख, वेळ आणि जमिनीचा प्रकार न सांगणारे दुष्काळाचे छायाचित्र पुरावा म्हणून स्वीकारू नये.