जव्हारच्या चढणीआधी : व्यायामाची सुरक्षित सुरुवात

पहिला पाऊस झाला की मुंबई, ठाणे आणि नाशिककरांची पावले पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याकडे वळतात. समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार फुटांवरील जव्हार, तेथील शिर्पामाळ व हनुमान पॉइंट, जवळचा सुमारे ३०० फुटांचा दाभोसा धबधबा आणि मोखाडा तालुक्यातील सूर्यमाळ ही आवडती ठिकाणे. मात्र वर्षभर खुर्चीत बसून काम करणारी व्यक्ती एका रविवारी धबधब्याच्या पायथ्याशी उतरते, तेव्हा उतरलेले सारे पुन्हा चढून यायचे आहे, याचा तिला विसर पडतो. धाप लागणे हा अनेकदा केवळ थकवा असतो. क्वचित ती दडलेल्या हृदयविकाराची पहिली खूणही ठरते. म्हणूनच सहल जुलैत असेल, तर तयारी मे महिन्यातच सुरू करावी.

आधी तपासणी

हृदयविकार, उच्च रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा गुडघेदुखी असल्यास, तसेच चालताना छातीत दुखत वा चक्कर येत असल्यास डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी उतरू शकते. त्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे.

आठ आठवड्यांचा क्रम

* पहिले दोन आठवडे : आठवड्यातून पाच दिवस, सपाट रस्त्यावर १० ते १५ मिनिटे चालणे.
* तिसरा-चौथा : वेळ २० ते २५ मिनिटांपर्यंत वाढवावी. दोन दिवस खुर्चीवरून उठ-बस, भिंतीला टेकून जोर आणि टाचा उचलणे, प्रत्येकी आठ-दहा वेळा.
* पाचवा-सहावा : रोज ३० मिनिटे. दोन दिवस दोन-तीन मजले जिने सावकाश चढावेत आणि उतरावेत.
* सातवा-आठवा : सुटीच्या दिवशी तास-दीड तासाची एक फेरी, सहलीला वापरायचेच बूट घालून.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचविला आहे. पाच दिवस अर्धा तास चालल्यास तो पूर्ण होतो. वेग ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये. बोलणेही जमेनासे झाले, तर वेग कमी करावा. सुरुवातीची व शेवटची पाच मिनिटे संथ चालावे. एखादा आठवडा जड गेल्यास तोच पुन्हा करावा.

उतार फसवा असतो

उतरताना मांडीचे स्नायू भार पेलत ताणले जातात, म्हणून चढापेक्षा उतारानंतर अंग अधिक दुखते. हे दुखणे एक ते तीन दिवसांत वाढून ओसरते. सांध्याला सूज आली किंवा एकाच जागी तीव्र कळ येत असेल, तर मात्र विश्रांती घेऊन तपासून घ्यावे.

प्रत्यक्ष जव्हारला

पावसाळी दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे शरीर लवकर तापते. तहानेची वाट न पाहता थोडे थोडे पाणी प्यावे. शेवाळलेल्या दगडांवर पाय जपून टाकावा आणि धबधब्याच्या प्रवाहात उतरू नये. येथील वारली, कोकणा, ठाकूर बांधव डोक्यावर ओझे घेऊनही झपाझप चढ चढतात. ती लहानपणापासूनच्या चालण्याची कमाई आहे. त्यांच्याशी बरोबरी करण्याच्या फंदात पडू नये. निम्मी शक्ती परतीच्या चढासाठी राखावी.

केव्हा थांबावे?

छातीवर दाब, हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, चक्कर किंवा विश्रांतीनंतरही न थांबणारी धाप जाणवल्यास तत्काळ बसावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. जव्हारला पतंगशाह कुटीर रुग्णालय, तर मोखाड्याला ग्रामीण रुग्णालय आहे. मात्र दऱ्याखोऱ्यांतून तेथवर पोहोचायला वेळ लागतो. त्यामुळे दुखणे अंगावर काढू नये आणि एकट्याने दरीत उतरू नये.