अंतर्गत समिती

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणारी, आस्थापनेतच नेमलेली समिती. १० किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक कार्यालयात, कारखान्यात, रुग्णालयात ती नेमणे मालकावर बंधनकारक आहे. पगार, रजा आणि बढती ज्याच्या सहीवर ठरते, त्याची तक्रार त्याच्याच टेबलावर जाणार असेल, तर बाई गप्प बसते किंवा नोकरी सोडते. म्हणून तक्रारीला स्वतंत्र वाट हवी.

या व्यवस्थेचे मूळ राजस्थानातील भटेरी गावात आहे. भंवरीदेवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमातील ‘साथिन’. बालविवाह रोखणे हे त्यांचे नेमून दिलेले काम. ते केल्याचा सूड म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. काम करताना ओढवलेल्या या अत्याचाराची जबाबदारी काम देणाऱ्याने घेतली नाही. ‘विशाखा’ आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १३ ऑगस्ट १९९७ रोजी न्या. वर्मा, न्या. सुजाता मनोहर व न्या. कृपाल यांच्या पीठाने कायदा होईपर्यंत पाळायची मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा यायला २०१३ उजाडले. हा विलंब अक्षम्य होता. ही तत्त्वे नीट पाळली जात नाहीत, हे मेधा कोतवाल लेले यांच्या याचिकेवर २०१२ मध्ये न्यायालयालाच सांगावे लागले.

समितीची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असते, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया असतात आणि एक सदस्य बाहेरचा असतो. हा बाहेरचा सदस्य फार मोलाचा, कारण त्याची नोकरी मालकाच्या हातात नसते. तक्रार साधारणपणे ३ महिन्यांत करायची, चौकशी ९० दिवसांत संपवायची. समिती न नेमल्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होतो.

लेखी कार्यपद्धती आरोप झालेल्यालाही संरक्षण देते. गोवा विद्यापीठातील एका प्रकरणात चौकशी घाईने उरकल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ती पुन्हा करायला लावली. तक्रारदार स्त्रियांना वर्षानुवर्षे थांबूनही निकाल मिळाला नाही, हे त्या घाईचे खरे नुकसान.

घरकामगार आणि १० पेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांतील स्त्रियांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. पुरुषांचा छळ, वरिष्ठांची शिवीगाळ, चारचौघांत केलेला पाणउतारा मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. तिथे आस्थापनेने स्वतःचे लेखी धोरण केले असेल, तरच कर्मचाऱ्याला घरातल्या घरात दाद मागता येते.