मोटारीची निगा : एका घरगुती विद्येचा इतिहास

यंत्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा दोनच माणसांची नोंद घेतात : ज्याने यंत्र शोधून काढले तो एक, आणि ज्याने त्याचा कारखाना उभारला तो दुसरा. यंत्र कारखान्याबाहेर पडल्यावर पुढे वीस-तीस वर्षे जो ते चालते ठेवतो, त्या तिसऱ्या माणसाला या इतिहासात सहसा जागा मिळत नाही. वस्तुतः आपल्या देशात मोटारीच्या बाबतीत या तिसऱ्या माणसाचे कर्तृत्व पहिल्या दोघांहून फारसे कमी नव्हते. घराच्या अंगणात, रविवारच्या सकाळी, चार पाने आणि एक जुने फडके घेऊन बसणाऱ्या त्या गृहस्थाची विद्या कोठून आली, कशी वाढली आणि का ओसरली, याचा विचार आज आपण करणार आहोत.

हा विचार भिलाईच्या साक्षीने करणे मला सोयीचे वाटते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत रशियाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या दुर्ग जिल्ह्यात हे नगर वसले, तो जिल्हा १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या राज्यात मोडत होता. त्यामुळे मराठी माणसाला हा मुलूख कधीच परका नव्हता. नागपूरहून निघालेला जी. ई. रोड भंडारा, राजनांदगाव, दुर्ग अशी गावे घेत भिलाईवरून रायपूरला जातो. हा लांबचा प्रवास जुन्या मोटारीतून करावयाचा म्हणजे वाटेतील जंगल, ऊन आणि पाऊस यांच्याबरोबर गाडीच्या प्रकृतीचाही विचार करून निघावे लागे.

भिलाई हे पोलादाचे नगर. परंतु मोटारीच्या बाबतीत तेथील रहिवासी इतर कोणाहून अधिक भाग्यवान नव्हता. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत पोलादाच्या कारखान्यांनी कामे वाटून घेतली होती. भिलाईने रेल्वेचे रूळ आणि बांधकामाचे पोलाद करावे, जर्मन साहाय्याने उभ्या राहिलेल्या रुरकेल्याने सपाट पत्रे करावेत, आणि इंग्रजी साहाय्याच्या दुर्गापूरने रेल्वेची चाके व आस घडवावेत, अशी ती विभागणी होती. मोटारीच्या अंगाला लागतो तो सपाट पत्रा. म्हणजे देशभर आगगाडी ज्यावरून धावते ते रूळ घडविणाऱ्या गावाने मोटारीसाठी मात्र इतरांप्रमाणेच वाट पाहावयाची होती. कामगारांची मोठी संख्या सायकलीवरूनच पाळीला जाई. मोटार असे ती थोड्या अधिकाऱ्यांकडे, डॉक्टरांकडे आणि व्यापाऱ्यांकडे.

ही वाट पाहणे कसे निर्माण झाले, हे समजल्याशिवाय घरगुती दुरुस्तीचा इतिहास उलगडत नाही. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ सालीच गाड्या जोडण्यास आरंभ केला होता. परंतु सुटे भाग बाहेरून आणावयाचे आणि येथे केवळ जोडावयाचे, असा तो व्यवहार होता. मोटार याच देशात घडावी, हा ध्यास १९३० नंतरच्या दशकात सर विश्वेश्वरय्यांनी घेतला, आणि सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी तो पुढे नेला. वालचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. तिकडे बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ मध्ये ओखा बंदरात सुरू होऊन पुढे बंगालमधील उत्तरपाड्यास गेली.

यानंतर १९५३ साल आले. टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार सरकारने ठरविले की, जे कारखाने क्रमाक्रमाने सर्व भाग येथेच घडविण्याची योजना स्वीकारतील त्यांनाच राहू द्यावे. नुसते जोडकाम करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी गाशा गुंडाळला. उरलेल्या देशी कारखान्यांपैकी तिघांची नावे घरोघर पोहोचली : उत्तरपाड्याची अ‍ॅम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. परकीय चलनाची टंचाई होती, पोलादाची टंचाई होती, आणि खासगी मोटार ही चैन समजली जात होती. १९५९ मध्ये मोटारींच्या वितरणावर आणि विक्रीवर नियंत्रण घालणारा आदेश निघाला. नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे थांबावे, असा क्रम सुरू झाला. नियंत्रित किमतीहून अधिक दाम मोजून वापरलेली गाडी घेणारेही पुष्कळ होते.

टंचाईचा पहिला परिणाम उघड आहे. नवी मिळत नाही म्हणून जुनी टिकवावयाची. परंतु दुसरा परिणाम अधिक खोल आहे, आणि माझ्या मते तोच या साऱ्या इतिहासाचा गाभा आहे. स्पर्धा नसल्यामुळे गाड्यांचे नमुने बदललेच नाहीत. इंग्लंडातील मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली अ‍ॅम्बॅसडर १९५७-५८ च्या सुमारास आली, ती मे २०१४ पर्यंत तयार होत राहिली. तिचे १४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन कित्येक दशके जवळजवळ तसेच होते. १९५४ पासून येथे आलेली फियाट ११०० पुढे 'प्रीमियर पद्मिनी' झाली. पण तिचे १०८९ घनसेंटिमीटरचे हृदय तेच राहिले. विलायतेत दर चार-पाच वर्षांनी नमुना बदले आणि मागचे ज्ञान निरुपयोगी होई. आपल्याकडे वडिलांनी शिकलेले मुलाच्या हाती जसेच्या तसे उपयोगी पडे. औद्योगिक धोरणात जो दोष होता, त्याच दोषाच्या पोटी एक लोकविद्या जन्मास आली. आयुर्वेदाच्या बटव्याप्रमाणे ती एका पिढीकडून दुसरीकडे जाऊ लागली.

या विद्येचे स्वरूप काय होते? तिचा पहिला नियम असा की, अंदाजाने हात घालू नये, क्रमाने तपासावे. इंजिनाला चालण्यासाठी मुख्यतः तीन गोष्टी लागतात : हवेत मिसळलेले पेट्रोल, ते दाबणारा धड सिलिंडर, आणि योग्य क्षणी पडणारी ठिणगी. गाडी सुरू होईना म्हणजे जाणता गृहस्थ आधी बॅटरीची टोके घट्ट आहेत की नाहीत ते पाही. मग प्लगची तार काढून ती इंजिनाच्या लोखंडापासून थोड्या अंतरावर धरून ठिणगी पाही. निळी आणि कडक पडली तर ठीक. पिवळी, मलूल पडली तर दोष पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइल यांत शोधावयाचा. ठिणगी चांगली असेल तर कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोहोचते का, हे पाहावयाचे. सांडलेले पेट्रोल पुसल्यावाचून ठिणगीची परीक्षा घ्यावयाची नाही, हा त्यातला कडक दंडक.

दुसरा नियम मापाचा. अ‍ॅम्बॅसडरच्या त्या इंजिनात पॉइंटमधील फट साधारण पंधरा सहस्रांश इंच, थंड इंजिनातील टॅपेटची फटही तितकीच, आणि प्लगची पंचवीस सहस्रांश इंच. ही मापे घेण्यासाठी पोलादी पात्यांचे फीलर गेज लागे. ज्यांच्या घरात तोवर वजनकाटा आणि शिलाईची टेप हीच सूक्ष्म मापनाची साधने होती, त्यांना एका इंचाचे हजार भाग करून विचार करण्याची सवय मोटारीने लावली, ही साधी गोष्ट नव्हे.

तिसरा नियम ऋतूंचा, आणि येथे छत्तीसगडचे हवामान आपला गुरू होते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या आसपास गेला की तापलेल्या इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या नळीतच पेट्रोलची वाफ होई. पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. म्हणून चालती गाडी गुदमरल्यासारखी होऊन थांबे. यावर उपाय एकच : सावलीत थांबून पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवणे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणात दमट हवा शिरे आणि ठिणगी भलतीकडेच पळे. टोपण काढून कोरडे पुसले की गाडी पुन्हा बोलू लागे. थंडीत पहाटे बॅटरी बसलेली असे. तेव्हा पुढच्या बाजूने हँडल मारावे लागे. ते मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावयाचा, हे मुलांना आधी शिकवीत. कारण इंजिनाने उलट झटका दिला तर अंगठा मोडण्याची भीती असे.

चौथा नियम असा की, हे काम एकट्याचे नव्हे. ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढावयाची तर एकाने आत बसून पॅडल दाबावे आणि दुसऱ्याने चाकामागील निपल सैल करून हवेचे बुडबुडे जाऊ द्यावेत. 'दाबा', 'धरून ठेवा', 'सोडा' अशा आज्ञांवर कित्येक गृहिणींनी आणि शाळकरी मुलांनी हे काम केले. ब्रेकच्या तेलाऐवजी इंजिनाचे तेल चुकून घातले तर आतले रबर फुगून ब्रेक निकामी होतात, हे त्यांनाही ठाऊक झाले.

या विद्येने आपल्या भाषेतही भर घातली. मोटारीबरोबर येणारी पुस्तिका इंग्रजीत असे. पण घरात आणि मिस्त्रीच्या टपरीवर बोलणे चाले ते मराठीत. गाडी 'ऑइल खाते', 'धूर मारते', 'मिसिंग करते', 'पिकअप घेत नाही', तिचे 'इंजिन बांधले', असे शब्दप्रयोग रूढ झाले. धुराच्या रंगावरून निदान होई. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे, पिस्टनच्या रिंगा झिजल्या. काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. पांढरा धूर गाडी तापल्यावरही थांबेना, म्हणजे पाणी आत शिरते आहे, गॅस्केट पाहा. वैद्याने जिव्हा पाहावी तसे हे पाहणे होते.

मिस्त्रीचे स्थान यामुळे नाहीसे झाले नाही. सिलिंडर रिबोअर करणे, क्रँकशाफ्ट घासणे, गिअरपेटी उघडणे ही कामे त्याचीच. मात्र घरचा माणूस आपली तक्रार नेमक्या शब्दांत मांडू लागल्यामुळे दोघांचे नाते रुग्ण आणि वैद्य असे न राहता दोन जाणकारांचे होई.

भिलाईसारख्या नगरात या वृत्तीला आणखी एक आधार होता. झोतभट्टी रोज विझवून रोज पेटविता येत नाही. ती वर्षानुवर्षे अखंड चालते, आणि तिच्या आतील विटांचे अस्तर झिजले म्हणजे ठरवून बंद करून नवे घालावे लागते. यंत्र मोडेपर्यंत थांबावयाचे नाही, मोडण्याआधीच त्याची पाळी लावावयाची, हा विचार अशा कारखान्याचा प्राण असतो. दर हजार मैलांनी ग्रीस आणि ठरल्या वेळी तेलबदल, ही घरच्या वहीतील टिपणे त्याच विचाराची धाकटी भावंडे होत. सायकलीची साखळी स्वतः बसविणारा किंवा बजाज स्कूटर तिरकी करून सुरू करणारा कामगारही याच कुळातला. मोटार थोड्यांकडे होती, पण निगेची दृष्टी पुष्कळांकडे होती.

श्रोतेहो, या काळाचे गोडवे मात्र गाऊ नयेत. ज्या टंचाईने ही विद्या वाढविली, तिनेच लाखो लोकांना वाहनापासून वंचित ठेवले. ते पेट्रोल शिसेमिश्रित होते, आणि त्याचा धूर मुलांच्या मेंदूला अपायकारक ठरतो हे आज निर्विवाद आहे. घरगुती युक्तीने चालविलेले अर्धवट ब्रेक किती जिवांवर बेतले असतील, याची गणती नाही.

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुतीची पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली आणि चित्र पालटू लागले. १९९३ मध्ये मोटारउद्योग परवान्यांतून मुक्त झाला. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. त्यानंतर प्रदूषणाच्या कडक नियमांमुळे कार्ब्युरेटरची जागा संगणकाच्या हुकमाने पेट्रोल सोडणाऱ्या यंत्रणेने घेतली. हवा स्वच्छ ठेवण्यास हे आवश्यक होते. पण बॉनेट उघडून पाहणाऱ्याला आता झाकलेली पेटी दिसते. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही.

तरीही जुनी गाडी प्रेमाने सांभाळणारे आहेत, आणि २०२१ च्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली आहे. त्यांच्यापुढे नवे प्रश्न आहेत. शिसे गेल्यामुळे जुन्या इंजिनातील व्हॉल्व्हच्या बैठका अधिक झिजू शकतात. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा यांना मानवत नाही, आणि ओलावाही शोषून घेते. म्हणून जुन्या गाडीच्या धन्याने नळ्या बदलून इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात आणि गाडी महिनोन्महिने पेट्रोलसह उभी ठेवू नये. प्रश्न नवे असले तरी उत्तर शोधण्याची रीत तीच राहते : आधी कारण, मग उपाय.

या विद्येचा खरा वारसा याच रीतीत आहे. वस्तू विकत घेतली म्हणजे ती आपली झाली, असे आपण समजतो. त्या पिढीची समजूत निराळी होती : जी वस्तू आपण समजून घेतली, जिच्या झिजेची वेळीच दखल घेतली, तीच खरी आपली. मोटारी बदलतील, इंधने बदलतील; परंतु पाण्याचा पंप असो, सायकल असो की एखादे मोठे धरण असो, बांधणाऱ्याच्या नावाची शिळा बसवून झाल्यावर ते राखणारा कोण, हा प्रश्न प्रत्येक समाजाला विचारावाच लागतो. त्याचे उत्तर देण्याची सवय एके काळी आपल्या अंगणात रविवारच्या सकाळी लागत होती, इतके जरी आपण ध्यानात ठेवले, तरी त्या तिसऱ्या माणसाला इतिहासात त्याची जागा मिळाली असे म्हणावयास हरकत नाही.