अ‍ॅम्बॅसेडरचा क्राऊन आणि सव्वा लीटर तेल



इंदूरच्या गाड्यांचा इतिहास म्हटला की आपण सगळे लगेच माणिकबागेत शिरतो. यशवंतराव होळकरांची ती केशरी-काळी ड्यूसेनबर्ग, लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी बांधून घेतलेली. अभिमान आहेच. पण ती गाडी आपल्यापैकी कितीजणांच्या घरच्यांनी ढकलली? आपण ढकलली ती अ‍ॅम्बॅसेडर. म्हणून आज तिच्याबद्दल लिहितो, आणि तेही तिच्या अशा भागाबद्दल की ज्याच्याकडे कोणी वाकून बघत नाही. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा लोंबतो ना, तो. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात. आमच्या ओळखीचे मिस्त्री नुसतं ‘क्राऊन’ म्हणत.

मी कॉमर्सचा माणूस, मशिनरीशी माझा काय संबंध? संबंध आला तो बँकेमुळे. १९ जुलै १९६९ ला चौदा बँका राष्ट्रीयीकृत झाल्या आणि छोट्या वाहतूकदारांना कर्ज देणं हे अग्रक्रमाचं काम ठरलं. सत्तरच्या दशकात मी नोकरीला लागलो तेव्हा शाखेत टॅक्सीवाल्यांच्या फायलींचा ढीग असे. गाडी बँकेकडे तारण, म्हणून तपासणी करायची. चेसिस नंबर, इंजिन नंबर, टायरची स्थिती लिहायची, सही करायची. क्राऊनचा रकानाच नव्हता. खरं तर टॅक्सीवाल्याचा हप्ता तिथेच अडकायचा.

आमचा एक कर्जदार सरवटे बसस्टँडजवळ टॅक्सी लावायचा. ओंकारेश्वरच्या सवाऱ्या, म्हणजे भेरू घाट रोजचाच. हप्ता कधी चुकला नाही. एक दिवस आला आणि म्हणाला, “साहेब, गाडी मागून रडते हो.” अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हूंऽऽ असा आवाज, सोडला की वेगळा आवाज. पंधरा दिवसांत घाटातच क्राऊनचे दात गेले. उघडून पाहिलं तर कुठल्याशा गॅरेजवाल्याने मागच्या गोळ्यात चक्क इंजिन ऑइल भरलं होतं. स्वस्त पडलं म्हणून. क्राऊन आणि पिनियन जोडीनेच बदलावे लागतात, एकटा क्राऊन आणून चालत नाही. ती जोडी मिळून गाडी रस्त्यावर यायला दोन महिने गेले. दोन महिने कमाई शून्य, घरात चार खाणारी तोंडं. मी हप्ते पुढे ढकलण्याची नोट लिहिली. ‘वाहन नादुरुस्त’ एवढ्यावर वरच्या ऑफिसचं समाधान होईना, कारण द्या म्हणाले. म्हणून मी मिस्त्रीकडे जाऊन बसलो आणि कारण समजून घेतलं. नोट मंजूर झाली.

आता कारण काय ते सांगतो. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली तर एक घासत जाणार. पेक्योर नावाच्या फ्रेंच माणसाने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी यावर दातेरी चाकांचा तोडगा काढला. मोटारी नंतर आल्या, तोडगा आधीच तयार होता. पुढची मोठी गोष्ट १९२६ ची. अमेरिकेतल्या पॅकार्ड गाडीत हायपॉइड गिअर आले, ग्लीसन कंपनीने काढलेले. यात पिनियन क्राऊनच्या मध्यावर न बसता खाली बसतो. त्यामुळे इंजिनाकडून येणारा लांब दांडा खाली जातो आणि गाडीची जमीनही खाली घेता येते. आपली अ‍ॅम्बॅसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, सीरीज थ्री. तिच्या मागे हाच हायपॉइड.

पण या सोयीची किंमत तेलाने मोजायची. हायपॉइडचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, दाबाखाली लांब घसरतात. साध्या तेलाचा थर तिथे फाटतो आणि लोखंडाला लोखंड लागतं. म्हणून त्या तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्यं घातलेली असतात. डब्यावर एसएई ९० आणि जीएल-५ असं लिहिलेलं असतं ते हेच. मिस्त्री डब्याचं झाकण उघडून माझ्या नाकाजवळ धरायचा, “साहब, सूँघ के देखो.” दिवाळीच्या फटाक्यासारखा तो उग्र वास एकदा ओळखीचा झाला की इंजिन ऑइल आणि हे तेल यांत घोटाळा होत नाही. मात्र हे तेल चांगलं म्हणून उरलेलं गिअरबॉक्समध्ये ओतू नये. काही गिअरबॉक्समध्ये पितळी भाग असतात, त्यांना ते मानवत नाही.

गोळा कुठल्या जातीचा, हे गाडीखाली वाकलं की कळतं. अ‍ॅम्बॅसेडरचा गोळा मागून गुळगुळीत, डब्याच्या बुडासारखा. नट सगळे पुढच्या अंगाला. दुरुस्तीला चाकांचे दांडे ओढून आख्खा संच पुढून काढायचा. महिंद्राच्या जुन्या जीपला उलट मागेच बोल्टांनी बसवलेलं झाकण, ते उघडलं की क्राऊन समोर. विलीजच्या जीपच्या क्राऊनला ४३ दात, पिनियनला ८. मला बँकवाल्याला प्रश्न पडला, सरळ ४० का नाही? भाग पूर्ण गेला असता! मिस्त्री हसला. ४० ठेवले तर तेच ते दात पुन्हा पुन्हा भिडणार. ४३ ठेवले की प्रत्येक दात आळीपाळीने सगळ्यांना भेटतो आणि झीज सारखी होते. इतकं सुंदर गणित मला बॅलन्सशीटमध्ये कधी भेटलं नाही.

आतली जात ओळखायला पुढच्या चाकांना ओट लावा, मागची दोन्ही चाकं उचलून भक्कम टेकू द्या, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर साधा गोळा. त्याच दिशेने फिरलं तर चिखलात एक चाक घसरू नये म्हणून आत क्लच घातलेला असतो. अशाला बहुधा वेगळं तेल लागतं, पुस्तिका पाहावी. नव्या थारमध्ये आपोआप लॉक होणारा प्रकार येतो, तिथे ही हाताची परीक्षा फसते, कारण तो दोन चाकांच्या वेगात मोठा फरक पडल्यावरच लॉक होतो.

तेल बदलताना गाडी आधी थोडी फिरवून आणावी, तेल पातळ होतं. सपाट जागेवर उभी करावी. आधी भरायचा प्लग सोडवावा, मग खालचा. खालचा आधी काढला आणि वरचा गंजून बसलेला निघाला तर गाडी तेलाविना जागीच अडकते. निघालेलं तेल बोटांत चोळून पाहावं. काळसर लेप चालतो, टोचणारे तुकडे चालत नाहीत, दुधाळ रंग म्हणजे पावसाचं पाणी आत गेलेलं. नवं तेल भोकातून ओघळू लागेपर्यंत भरायचं, अ‍ॅम्बॅसेडरला साधारण सव्वा लीटर. आणि गोळ्यावरचं हवेचं बारीक छिद्र साफ करायचं. ते बुजलं तर गरम झालेली हवा तेलाला चाकाकडे ढकलते, ते ब्रेकच्या शूजवर उतरतं, आणि भेरू घाटात ब्रेक तेलकट असणं म्हणजे काय ते मी सांगायला नको.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. पुढच्याच चाकांनी ओढणारी, मागे गोळाच नाही. आपल्या मुलांच्या पिढीला क्राऊन माहीत नाही तो यामुळे. त्यांच्या शाळेच्या ओम्नी व्हॅनला मात्र मागे तो होता. उत्तरपाड्याचा अ‍ॅम्बॅसेडरचा कारखाना मे २०१४ मध्ये बंद पडला.

तो कर्जदार पुढे हप्ते फेडून मोकळा झाला. नो-ड्यूज सर्टिफिकेट घ्यायला आला तेव्हा हातात पेढ्यांचा पुडा आणि तुटलेल्या पिनियनचा एक दात. तो दात माझ्या टेबलावर पेपरवेटजवळ निवृत्तीपर्यंत होता.

कोणाच्या घरी जुन्या अ‍ॅम्बॅसेडरचे किंवा जीपचे फोटो असतील, विशेषतः मागून काढलेले, तर खाली जरूर टाका.