घोड्यांसाठी जमीन घेताना: केंटकी ते ओकाला

भीमथडीचे तट्टू हे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. थडी म्हणजे नदीचा काठ. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी. लहान चणीचे, काटक, थोड्या दाणावैरणीवर लांबचा पल्ला मारणारे हे घोडे मराठ्यांच्या स्वाऱ्यांत कामी आले. त्यांना नाव मिळाले ते कोणा सरदाराचे नव्हे, तर ज्या मुलखात ते वाढले त्याचे.

हे आठवण्याचे कारण असे, की इथे अमेरिकेत आपल्यापैकी काही घरांतली मुले घोडेस्वारी शिकली आणि आता "वीस एकर घेऊन दोन घोड्या ठेवाव्यात का?" अशी चर्चा जेवणाच्या टेबलावर होऊ लागली आहे. तुमच्या घरी ती चालू असेल, तर घरांचे फोटो पाहण्याआधी या देशात घोड्यांचे मुलूख कसे घडले आणि कसे मोडले, हे पाहा. आयुष्यभराची बचत घालायची, तर एवढा इतिहास उपयोगी पडतो.

सुरुवात केंटकीपासून करू. लेक्सिंग्टनभोवतीच्या ब्लूग्रास प्रदेशाखाली सुमारे 45 कोटी वर्षांपूर्वीचा, फॉस्फरसने समृद्ध चुनखडक आहे. त्या खडकापासून झालेल्या मातीतून आणि त्यातून झिरपणाऱ्या पाण्यातून शिंगरांच्या हाडांना लागणारी खनिजे मिळतात. या मातीला जाणत्या हातांची जोड होती. 1875 साली पहिली केंटकी डर्बी झाली, तेव्हा 15 पैकी 13 जॉकी कृष्णवर्णीय होते. जिंकलेल्या अ‍ॅरिस्टायडीसवर ऑलिव्हर लुईस स्वार होता आणि त्याला तयार करणारा अँसेल विल्यमसन जन्माने गुलाम होता. घोड्यांची ही विद्या अशा माणसांनी पिढ्यानपिढ्या जपली होती.

पण माती आणि माणसे असूनही मुलूख बसतो, याचे उदाहरण शेजारच्या टेनेसीत आहे. नॅशव्हिलजवळचे बेल मीड हे एकोणिसाव्या शतकातले नामांकित अश्वपैदास केंद्र. तिथेही खाली चुनखडकच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेनेसीत शर्यतींवरच्या जुगाराला बंदी आली आणि तिथला हा व्यवसाय ओसरला. न्यूयॉर्कमध्ये 1908 च्या कायद्यानंतर 1911 आणि 1912 ही दोन वर्षे शर्यतीच बंद पडल्या. त्याच 1908 साली लुईव्हिलमध्ये बुकींवर बंदी आली, तेव्हा तिथल्या मंडळींनी पैजेची यंत्रे आणून डर्बी चालू ठेवली. म्हणजे घोड्याचे नशीब विधिमंडळातही ठरते.

आता फ्लोरिडातले ओकाला पाहा. वरून वाळू दिसते, पण खाली चुनखडक आहे. रस्त्यांच्या कामासाठी आलेल्या कार्ल रोझ यांना या दगडाची ओळख पटली आणि 1940 च्या दशकात त्यांनी तिथे थरोब्रेड घोड्यांचा फार्म उभा केला. हिवाळ्यातही शिंगरे बाहेर मोकळी धावू शकतात, हा तिथला मोठा फायदा. 1956 साली नीडल्स हा फ्लोरिडात जन्मलेला पहिला घोडा केंटकी डर्बी जिंकला. 1978 साली तिथल्याच अफर्म्डने ट्रिपल क्राउन मिळवला.

मात्र नावाजलेला मुलूख घेतला म्हणजे काम संपले, असे समजू नका. केंटकी-31 नावाचे टॉल फेस्क्यू गवत 1943 पासून देशभर पेरले गेले. त्यात राहणाऱ्या एका बुरशीमुळे गाभण घोड्या उशिरा वितात, त्यांना दूध येत नाही, हे पुढे कळले. म्हणून विण्याआधीचे दोन-तीन महिने घोडीला अशा कुरणातून बाहेर काढतात. 2001 च्या वसंतात खुद्द ब्लूग्रासमध्ये शेकड्यांनी घोड्यांचे गर्भ पडले. शोध घेतला तेव्हा संशयाची सुई जंगली चेरीच्या झाडांवर जाळी विणणाऱ्या केसाळ सुरवंटांवर आली.

आणखी एक शत्रू म्हणजे वाढते शहर. लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातली किती तरी कुरणे घरांखाली गेली. लेक्सिंग्टनने मात्र 1958 मध्येच शहराच्या वाढीला हद्द घातली. पुढे 2000 साली शेतमालकांकडून बांधकामाचे हक्क विकत घेण्याची योजनाही तिथे सुरू झाली. आज तिथली कुरणे दिसतात, त्यात या निर्णयांचा मोठा वाटा आहे.

तेव्हा मंडळी, प्रदेश निवडताना क्रम असा ठेवा. आधी मातीचा नकाशा पाहा, माती आणि विहिरीचे पाणी तपासून घ्या. कुरणात कोणते गवत आहे, कुंपणालगत कोणती झाडे आहेत, हे जाणत्याला दाखवा. भर पावसात एकदा जाऊन पाणी कुठे साचते ते पाहा. नालबंद आणि घोड्यांचा डॉक्टर किती मैलांवर आहे? रात्री दोन वाजता घोडीच्या पोटात कळ आली, तर तो येईल का? काउंटीचे झोनिंग काय म्हणते, शेतजमिनीचा कर कोणत्या अटींवर मिळतो आणि शेजारच्या शेतावर उद्या काय होऊ शकते, हे काउंटीच्या कचेरीत जाऊन विचारा.

घराचे स्वयंपाकघर सर्वांत शेवटी पाहा. ते नंतर बदलता येते, जमिनीखालचा खडक बदलता येत नाही.