मुंबईत विमान बदलताना

नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथे प्रवासी वाहतूक सुरू झाली. त्यामुळे मुंबईत विमान बदलणाऱ्यांनी तिकिटावरील तीन अक्षरे आधी वाचावीत. ‘बीओएम’ म्हणजे सहार-सांताक्रूझचा जुना विमानतळ, ‘एनएमआय’ म्हणजे उलव्याचा नवा.

देशांतर्गत विमानाने उलव्याला उतरून सहारहून परदेशी निघणाऱ्यास मधले सुमारे ३५ ते ४० किलोमीटर रस्त्याने, सामानासह पार करावे लागतात. अटल सेतू शिवडीला नेतो, सहारला नव्हे! दोन विमानांमधील तीन तासांचे अंतर कागदावर पुरेसे दिसते. पण सामान मिळणे, वाशी खाडीपुलापासूनची वाहतूक, पुन्हा चेक-इन आणि इमिग्रेशन यांतच ते संपते.

खरा धोका स्वतंत्र तिकिटांचा. दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर असतील, तर पहिल्या विमानाच्या विलंबाने दुसरे चुकल्यास पर्यायी व्यवस्थेची जबाबदारी सहसा विमान कंपनीवर येते. स्वस्त पडतात म्हणून वेगवेगळी तिकिटे काढली, तर दुसऱ्या कंपनीच्या लेखी तो प्रवासी केवळ गैरहजर असतो; बहुधा भाडेही बुडते.

परदेशातही हीच खबरदारी हवी. लंडनला हीथ्रोहून गॅटविकला जायचे, तर ब्रिटनमध्ये प्रवेश करावा लागतो आणि त्यासाठी भारतीय पारपत्रधारकास सर्वसाधारणपणे व्हिसा लागतो. अमेरिकेत तर विमानतळ न बदलताही ट्रान्झिटसाठी व्हिसा आवश्यक असतो.